राहिलेल्या दोन पायऱ्या

महाविद्यालयाच्या स्मरणिकेसाठी बाईंवर पाचशे शब्द हवेत, असा निरोप आला. सोबत नमुना म्हणून कुणीतरी आधीच टाइप केलेला एक परिच्छेद होता. त्यात बाई 'सोज्वळ' होत्या, 'मातृतुल्य' होत्या आणि 'त्यांच्या मायेच्या सावलीत' आम्ही सगळे वाढलो होतो. मी पेन घेऊन तिन्ही गोष्टी खोडल्या, मग कागदच फाडला. बाईंना जाऊन महिनासुद्धा झाला नाही, आणि त्यांच्याबद्दल खोटं बोलायला आम्ही सुरुवात केली.

बाई सोज्वळ नव्हत्या. तापट होत्या, हट्टी होत्या, पुष्कळदा तुसड्या वागायच्या. एखादी मुलगी निकालाच्या दिवशी पेढा पुढं करत म्हणाली, "मॅडम, तुम्ही मला आईसारख्या," की बाई चष्मा काढून तिच्याकडं बघायच्या. "घरी हाय ना एक? मग तिच्याकडं जा. माझ्याकडं येताना विषय घेऊन ये."

'विषय काय?' हा त्यांचा नमस्कार होता. जिन्यात कुणी "मॅडम, कशा आहात?" विचारलं तरी उत्तर तेच. प्राचार्यांनी केबिनमध्ये बोलावलं तरी दारातूनच, "विषय काय?" हिरव्या शाईचं पेन कायम हातात. लग्नपत्रिका आली तरी त्यातल्या चुका हिरव्यानं दुरुस्त करून त्या परत पाठवायच्या, आणि लग्नाला मात्र न चुकता जायच्या.

लग्नात त्या कुठं बसायच्या, हे सांगितल्याशिवाय बाई कळणार नाहीत. बीड बायपासवरच्या एका मंगल कार्यालयात आमच्या सहकाऱ्याच्या मुलीचं लग्न होतं. पुढं लाल सोफे, त्यावर 'राखीव' असे कागद चिकटवलेले. बाईंनी एक कागद काढला, घडी घालून पर्समध्ये ठेवला आणि तिथं बसल्या. वधूचा मामा धावत आला.

"मॅडम, ही जागा व्हीआयपींची आहे."

"येऊ द्या. त्यांनी सोता मला उठवावं."

व्हीआयपी आले. त्यांनी बाईंकडं पाहिलं, नमस्कार केला आणि निमूट शेजारच्या सोफ्यावर बसले. परतताना बाई मला म्हणाल्या, "पाहिलंस? कुणी उठवत नाय रे. फक्त आधी बसावं लागतं."

मी हसलो होतो. तेव्हा मला ती गंमत वाटली होती.

बाईंचे वडील चिकलठाण्याच्या जुन्या कारखान्यात रखवालदार होते. गाव करमाडच्या पुढं, घर बौद्ध. घरातली शिकलेली पहिली मुलगी म्हणजे ह्याच. चिकलठाण्यातल्या दोन खोल्यांतून हेल्मेट घालून त्या मोपेडवर यायच्या आणि तीस वर्षं प्राचीन युरोपचा इतिहास शिकवायच्या. पोरं त्यांना मागं 'रोमवाली' म्हणायची. आमचा अभ्यासक्रम चांगला लांबरुंद होता, पण बाईंना त्यातल्या एकाच माणसात रस होता, आणि ते माणूस म्हणजे एक बाई होती. एका बादशहाची बहीण, दुसऱ्याची बायको, तिसऱ्याची आई. तिचं आणि तिच्या आईचं नाव एकच, म्हणून इतिहासात हिला धाकटी म्हणतात. बाई पूर्ण नाव कधी घ्यायच्या नाहीत. "पुस्तकात आहे, वाचा," म्हणायच्या. त्यांच्यासाठी ती नुसती 'धाकटी' होती, चिकलठाण्यात शेजारी राहत असल्यासारखी.

"भावानं तिला बेटावर हाकललं," बाई सांगायच्या. "ती परत आली. चुलता बादशहा झाला, तर तिनं चुलत्याशीच लग्न लावलं. त्याच्यासाठी दरबाराला कायदा बदलावा लागला. नवऱ्याला सोताचा मुलगा असताना आपल्या पोराला दत्तक घ्यायला लावलं. ज्या गावी जन्मली तिथं वसाहत बसवून तिला सोताचं नाव दिलं. हरलेल्या राजाला साखळदंडात आणलं, तेव्हा ही वेगळ्या मंचावर, फौजेच्या निशाणांपुढं बसली होती. त्या राजाला बादशहापुढं वाकावं लागलं तसं हिच्यापुढंही वाकावं लागलं. रोममध्ये हे कुणी पाहिलं नव्हतं."

एकदा एका मुलानं विचारलं, "मॅडम, पण तिनं नवऱ्याला विष दिलं म्हणतात. वाईटच होती ना?"

"लई वाईट होती," बाई म्हणाल्या. "आता तिच्या आजूबाजूचे चांगले कोण होते, त्यांची नावं सांग. मी लिहून घेते."

बाई खडू घेऊन फळ्यापाशी खरोखर उभ्या राहिल्या होत्या, दोनतीन मिनिटं.

त्यांच्या घरी पुढच्या खोलीत बुद्धाची मूर्ती होती आणि तिच्या बाजूच्या भिंतीवर तीन नाण्यांचे मोठे केलेले फोटो. पहिल्या नाण्यावर धाकटी आणि तिचा बादशहा झालेला मुलगा समोरासमोर, सारख्या आकाराचे. दुसऱ्यावर दोघांची तोंडं एकाच दिशेला, मुलगा पुढं, आई त्याच्या मागं. तिसऱ्यावर एकटा मुलगा. "राजीनामा मागितला नाय, हाकललं नाय," बाई चहाची कपबशी माझ्या हातात देत म्हणाल्या होत्या, "नुसतं नाणं बदललं." पहिलं नाणं पुढच्याच वर्षी बदललं होतं.

आणि मग ती पायऱ्यांची गोष्ट. दर वर्षी जानेवारीत बाई ती सांगायच्या. मी विद्यार्थी म्हणून ऐकली, पुढं सहकारी झाल्यावर व्हरांड्यात उभा राहूनही ऐकली.

आर्मेनियाचे वकील, म्हणजे राजदूत, दरबारात आले होते. तरुण बादशहा उंच मंचावर बसला होता. तेवढ्यात धाकटी आली. मुलाच्या शेजारी बसायचं म्हणून ती मंच चढणार, परदेशी पाहुण्यांसमोर. अडवणार कोण? दरबार गोठून गेला. तेव्हा बादशहाच्या गुरूनं त्याच्या कानात सांगितलं, तू खाली उतर, आईला सामोरा जा. बादशहा उतरला. आदरानं आईला भेटला, पायऱ्यांच्या खालीच. सगळे म्हणाले, काय मुलगा आहे, काय मातृभक्ती आहे. धाकटी वर बसलीच नाही. त्या दिवशी नाही, पुढंही नाही.

"हाताला धरून खाली ओढलं असतं, तर ती भांडली असती," बाई म्हणायच्या. "मान देऊन अडवलं. आता सांगा, तिनं काय करायला हवं होतं?"

मी विद्यार्थी असताना उत्तर दिलं होतं, "त्याला बाजूला सारून वर जायला हवं होतं."

"पाया पडायला आलेल्या पोराला आईनं चारचौघांत ढकलायचं? मग चुकलं कोण? आईच. तोच तर डाव हाय बाबा. बस खाली."

खरं उत्तर बाईंनी कधीच सांगितलं नाही. "पुढच्या वर्षी," म्हणायच्या.

मला नोकरी बाईंमुळं लागली. मुलाखतीच्या दिवशी संस्थेच्या सचिवांचा, म्हणजे भाऊसाहेबांचा भाचा माझ्या आधी बसला होता. त्याची निवड ठरलेली आहे, हे सगळ्यांना ठाऊक होतं. विभागप्रमुख म्हणून बाईंची सही हवी होती. बाईंनी पेनचं टोपणच काढलं नाही. "ह्या दुसऱ्या पोराला रोम येतं," त्या म्हणाल्या. "पहिल्याला फक्त भाऊसाहेब येतात." दुपारी चार वाजेपर्यंत त्या तशाच बसून राहिल्या. शेवटी मला घेतलं. भाऊसाहेब ते विसरले नाहीत, आणि मला वाटतं, विसरलो तो मीच.

त्यांचं भाऊसाहेबांशी वाकडं आणखी एका कारणानं होतं. संस्थेच्या बैठका प्राचार्यांच्या केबिनमध्ये व्हायच्या. बाई सदस्य नव्हत्या, पण अक्षर चांगलं म्हणून इतिवृत्त लिहायला त्यांना बोलवायचे. खुर्ची मात्र टेबलाशी नाही. मागं चहाचं सामान ठेवायची जागा होती, तिला हिरवा पडदा, त्या पडद्याला लागून. "धाकटी पडद्यामागून दरबार ऐकायची," बाई मला सांगायच्या, "मी पडद्याच्या पुढं हाय. प्रगती म्हणायची." एका बैठकीत कुणाच्या तरी नेमणुकीबद्दल भाऊसाहेब नको ते बोलून गेले आणि मग म्हणाले, "बाई, हे लिहू नका." बाईंनी लिहिलं, "'हे लिहू नका' असे मा. सचिवांनी सांगितले." सगळ्यांनी न वाचता सह्या केल्या. ते पान पुढं विद्यापीठाच्या चौकशीत उघडलं गेलं. त्यानंतर बाईंचं अक्षर कुणालाच चांगलं वाटेना.

आता जे सांगायचं आहे, ते मी अकरा वर्षं टाळलं.

आमचे प्राचार्य निवृत्त झाले. ज्येष्ठतेनं पदभार बाईंचा होता. त्यांच्या निवृत्तीला आठ महिने उरले होते. आठ महिनेच, पण त्यांना ती खुर्ची हवी होती आणि हवी आहे असं त्या उघड सांगायच्या. बाईनं असं सांगायचं नसतं, पुरुषानं सांगितलं तर त्याला महत्त्वाकांक्षा म्हणतात. स्टाफरूममध्ये कुजबूज सुरू झाली. बाई तापट आहेत. बाई सगळ्यांना बरोबर घेऊन चालणार नाहीत. बाईंना लोक मानणार नाहीत. 'लोक' म्हणजे कोण आणि न मानण्याचं कारण काय, हे कुणी बोललं नाही. बोलायची गरज नव्हती. तिथं बसलेल्या प्रत्येकाला बाईंचं आडनाव ठाऊक होतं. मी कुलकर्ण्यांच्या घरातला. आमच्याकडं पिढ्यान् पिढ्या गावाचे कागद लिहिले गेले. कुठली गोष्ट कागदावर आणायची नाही, हे मला वेगळं शिकवावं लागलं नाही.

संस्थेनं पदभाराचं पत्र दाबून ठेवलं. तेवढ्यात विद्यापीठाच्या तपासणी समितीची तारीख लागली. समितीचं स्वागत करून जो प्राचार्यांच्या खुर्चीवर बसेल आणि अहवालावर सही करेल, तोच विद्यापीठाच्या दप्तरी प्रभारी प्राचार्य होणार होता. बाईंना हे माहीत होतं. भाऊसाहेबांनाही माहीत होतं. त्यांनी मला घरी चहाला बोलावलं.

"सर, ज्येष्ठतेत दुसरे तुम्ही," भाऊसाहेब म्हणाले. "तुमच्यासारखा शांत माणूस पाहिजे. पण बाई येऊन बसल्या तर? पाहुण्यांसमोर उठ म्हणता येतं का?"

मी गप्प राहायला हवं होतं. नाही म्हणायला हवं होतं. ते राहू द्या, निदान मूर्ख तरी असायला हवं होतं. पण मी हुशार विद्यार्थी होतो. मी त्यांना आर्मेनियाच्या वकिलांची गोष्ट सांगितली. रंगवून सांगितली, बाईंसारखेच हातवारे करून.

भाऊसाहेब चहाचा कप खाली ठेवून बराच वेळ हसले. "म्हणजे सत्कार करायचा. मंचाच्या खाली." मग माझ्या गुडघ्यावर थाप मारून म्हणाले, "पण उतरणार कोण? मी उतरलो तर बाई थांबायच्या नाहीत."

"मी उतरतो," मी म्हणालो.

मला कुणी धमकावलं नव्हतं. घरात कुणी आजारी नव्हतं, कसली अडचण नव्हती. मला खुर्ची हवी होती. एवढंच.

समिती आली त्या सकाळी बाई कडक इस्त्रीच्या पांढऱ्या साडीत होत्या. सभागृहाच्या मंचाला तीन पायऱ्या आहेत. वर समितीचे तिघं, भाऊसाहेब आणि प्राचार्यांची रिकामी खुर्ची. मी माइकपाशी. बाई मधल्या वाटेनं चालत आल्या, ताठ, हातात पेन. पहिल्या पायरीवर त्यांनी पाऊल ठेवलं आणि मी तबक घेऊन उतरलो. आमच्या ज्येष्ठ, आदरणीय, मार्गदर्शक, असं काहीतरी आधीच माइकवर बोललो होतो. मी त्यांच्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला आणि वाकलो. टाळ्या झाल्या. आपल्याकडं खाली सत्कार झाला की सत्कारमूर्तीला पहिल्या रांगेतल्या सोफ्यावर नेऊन बसवतात. एकदा शाल पडली की माणूस पाहुणा होतो, आणि पाहुणा कामाला लागत नाही. वरून भाऊसाहेब म्हणाले, "बाईंना नीट बसवा." मी बाईंच्या कोपराला हात लावला.

बाईंच्या पावलाखालची पायरी तशीच होती. पुढं दोन राहिल्या होत्या. त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि फक्त मला ऐकू जाईल असं विचारलं, "आर्मेनियाचे का रे पाहुणे?"

मग त्या पाऊल मागं घेऊन वळल्या आणि सोफ्यावर जाऊन बसल्या, नारळ मांडीवर घेऊन. मी वर आलो. एकच खुर्ची रिकामी होती. तिच्यावर बसलो, सही केली.

कार्यक्रम फार हृद्य झाला, असं सगळे म्हणाले. दोघीजणींनी डोळे पुसले. फक्त आमचे शिपाई चाचा, सिल्लोडकडचे म्हातारे गृहस्थ, खुर्च्या उचलताना माझ्याजवळ आले. "सर, सुबू-सुबू मैं वो कुर्सी मॅडम के वास्ते पोछा था," ते म्हणाले. "तुम बैठ गए." आणि खुर्ची उचलून घेऊन गेले.

बाई भांडल्या नाहीत. तक्रार केली नाही. आठ महिने रोज आल्या, शिकवून गेल्या. बदल एकच झाला. विद्यार्थी असल्यापासून त्या मला 'अरे-तुरे' करायच्या. दुसऱ्या दिवशी जिन्यात मी वाट सोडून उभा राहिलो, तर म्हणाल्या, "आपण व्हा पुढं, सर." ते 'आपण' आठ महिने चाललं. एवढा मान मला आयुष्यात कुणी दिला नाही, आणि इतका अपमानही कुणी केला नाही. निवृत्तीच्या दिवशी सत्काराला ठाम नकार देऊन, पहिला तास घेऊन त्या अकरा वाजता मोपेडवर निघून गेल्या.

दोन वर्षांनी मी चिकलठाण्याला त्यांच्या घरी गेलो होतो. माफी मागायला. त्यांनी दार उघडलं, चहा दिला, समोर बसल्या. भिंतीवर तीन नाणी होती. बाईंनी विचारलं, "विषय काय आहे, सर?" मी नव्या अभ्यासक्रमाबद्दल बोललो. वीस मिनिटं. मग उठून आलो. त्यानंतर गेलो तो एकदम त्यांच्या मातीला.

परवा त्यांची भाची महाविद्यालयात आली आणि माझ्या टेबलावर एक पिशवी ठेवून गेली. आत तीच शाल होती. दुकानाचं लेबल तसंच, घडीही न मोडलेली. तिच्यात हिरव्या शाईचा कागद.

"शाल परत करते. तुमच्या संस्थेला पुढच्या वेळी लागेल. उत्तर राहिलं होतं. नमस्कार घ्यायचा, आशीर्वाद द्यायचा आणि पुढची पायरी चढायची. वाकलेला माणूस अडवू शकत नाही, त्याला दिसतच नाही. मला हे त्या दिवशीही येत होतं. पण उतरून तू आलास. दुसरा कुणी असता तर मी चढले असते."

'तू' लिहिलं होतं. मी ते तेवढंच कितीतरी वेळ वाचत बसलो.

मार्चमध्ये मी निवृत्त होतो. माझ्यानंतर ज्येष्ठतेनं भूगोलाच्या मॅडम आहेत. त्याही स्पष्ट बोलतात. मागच्या आठवड्यात भाऊसाहेबांचा फोन आला. आवाज आता थरथरतो, पण डोकं चालतं. "सर, तुमच्या निरोप समारंभात मॅडमचा एक छानसा सत्कार घेऊ. मागं आपण घेतला होता तसा."

मी मॅडमना केबिनमध्ये बोलावलं, सगळं सांगितलं आणि बाईंचा कागद पुढं ठेवला. मला वाटलं होतं, मी काहीतरी चांगलं करतोय. त्यांनी कागद दोनदा वाचला, घडी घातली आणि मला परत दिला.

"सर, हे बायकांनी काय करायचं त्याचं उत्तर झालं," त्या म्हणाल्या. "तुम्ही खाली उतरू नका. तेवढं जमतं का बघा."

त्या गेल्या. मी त्याच खुर्चीत बसलो होतो.

मला स्वतःची खात्री नाही. मंचावर सगळे बघत असतात, तबक तयार असतं, भाऊसाहेब मान हलवतात, आणि मी उतरणारा माणूस आहे हे एकदा सिद्ध झालेलं आहे. म्हणून स्मरणिकेचे पाचशे शब्द मी दिले नाहीत, त्याऐवजी हे लिहून दुसरीकडं छापायला देतोय. धाकटीनं स्वतःची हकीकत लिहिली होती, ती हरवली. जे उरलं ते पुरुषांनी लिहिलं. बाईंनी एक कागद लिहिला, आणि बाकीचं पुन्हा एक पुरुषच लिहितोय, तोही तबक घेऊन उतरलेला. पण हे छापून आलं की भाऊसाहेब वाचतील, स्टाफरूम वाचेल, भूगोलाच्या मॅडम वाचतील. मग मार्चमध्ये मी शाल घेऊन उठलो, तर मी काय करतोय हे सभागृहातल्या शेवटच्या रांगेलाही कळेल.